हात धुवा की हात जळेल?

आमच्या प्रयोगशाळेत रसायनांच्या कपाटाची आवराआवर चालली होती. बाटल्या खाली काढायच्या, पुसायच्या, फाटलेली लेबले बदलायची आणि पुन्हा जागेवर ठेवायच्या. आमचे मामा, म्हणजे प्रयोगशाळेतील मदतनीस, गेली वीस वर्षे हे काम करीत आहेत. तीव्र आम्लाच्या एका बाटलीवर लाल चौकटीत एक चित्र होते. दोन परीक्षानळ्या तिरक्या धरल्या आहेत. एकीतून थेंब एका पट्टीवर पडत आहेत आणि दुसरीतून हातावर. मी सहज विचारले, "मामा, हे चित्र काय सांगते?"

"हात धुवा म्हणते, मॅडम," मामा म्हणाले. "बाटलीला हात लावला की हात धुवायचे."

शेजारच्या बाटलीवर माणसाची काळी आकृती होती आणि तिच्या छातीवर पांढरी चांदणी होती. ते मामांच्या मते "छातीच्या दुखण्याचे औषध" होते. प्रत्यक्षात त्या चित्राचा अर्थ असा की, हा पदार्थ दीर्घकाळ शरीरात जात राहिला तर कर्करोगासारखे गंभीर आजार होऊ शकतात.

आता मामांना आम्ल म्हणजे काय हे ठाऊक नाही असे मुळीच नाही. आम्ल ओतताना त्यांचा हात माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा कितीतरी स्थिर असतो. पण त्यांचे हे ज्ञान अनुभवातून आलेले आहे, चित्रातून नाही. चित्राने त्यांना वीस वर्षांत काहीच सांगितलेले नाही. उलट जे सांगितले ते चुकीचे सांगितले.

ही चित्रे कोणा हौशी चित्रकाराने काढलेली नाहीत. रसायनांचे वर्गीकरण आणि त्यांची लेबले जगभर एकसारखी असावीत म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने एक पद्धत ठरवण्यात आली. २००३ साली ती प्रसिद्ध झाली. तिच्यात अशी नऊ चिन्हे आहेत. त्यामागचा विचार स्वच्छ आहे: कामगार कोणत्याही देशाचा असो, तो वाचायला शिकलेला असो वा नसो, चित्र त्याला कळेल, कारण चित्राला भाषा लागत नाही. या विधानाचीच आज थोडी तपासणी करू.

ते हाताचे चित्र पुन्हा पाहा. ज्याला अर्थ आधीच माहीत आहे त्याला हाताचा झिजलेला भाग दिसतो. ज्याला माहीत नाही त्याला फक्त थेंब आणि हात दिसतात. थेंब आणि हात हे चित्र त्याने यापूर्वी कोठे पाहिलेले असते? रेल्वे स्थानकावरील बेसिनवर, दवाखान्यात, साबणाच्या वेष्टनावर. सर्वत्र त्याचा अर्थ एकच, हात धुवा. म्हणजे मामांचे उत्तर अडाणीपणाचे नव्हते. त्यांनी चित्र त्यांच्या जवळच्या चित्रकोशात शोधले आणि तेथे जो अर्थ मिळाला तो सांगितला. आपण सगळेच तसे करतो. चित्रालाही भाषा लागते. फरक एवढाच की, अक्षरे वाचता येत नाहीत हे माणसाला कळते. चित्र वाचता येत नाही हे कळत नाही.

सुरक्षाचिन्हांचा अभ्यास करणाऱ्यांना ही गोष्ट ठाऊक आहे. अमेरिकेतील सुरक्षाचिन्हांच्या मानकात चिन्हाच्या परीक्षेची एक कसोटी दिली आहे. ज्यांच्यासाठी चिन्ह आहे अशा माणसांना ते दाखवायचे आणि अर्थ विचारायचा. १०० पैकी किमान ८५ जणांनी बरोबर उत्तर दिले पाहिजे आणि उलटा, घातक अर्थ लावणारे ५ पेक्षा जास्त असता कामा नयेत. या दोन अटींपैकी दुसरी मला अधिक महत्त्वाची वाटते. ज्याला चिन्ह कळले नाही तो निदान शेजाऱ्याला विचारतो. ज्याला चुकीचे कळले तो कोणालाच विचारत नाही.

या कसोटीला न उतरणाऱ्या चिन्हांत सर्वांत प्रसिद्ध चिन्ह किरणोत्साराचे आहे. मधोमध एक ठिपका आणि भोवती तीन पाती. १९४६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील प्रयोगशाळेत ते जन्माला आले. तेव्हा निळ्या पार्श्वभूमीवर किरमिजी पाती होती. पुढे पिवळी पार्श्वभूमी रूढ झाली. भौतिकशास्त्राचे पुस्तक उघडलेल्या माणसाला ते पाहताच गॅमा किरण आठवतात. पुस्तक न उघडलेल्याला काय आठवावे? पंखा. फार तर जहाजाच्या मागचा पंखा.

२००० साली थायलंडमधील समुत प्राकान प्रांतात भंगार गोळा करणाऱ्यांच्या हाती कर्करोगाच्या उपचाराच्या जुन्या यंत्राचा एक भाग लागला. त्यात कोबाल्ट-६० होते. धातूचा जड ठोकळा म्हणजे चांगला भाव, म्हणून तो भंगाराच्या दुकानात नेऊन कापण्यात आला. त्यावर तीन पात्यांचे चिन्ह होते, पण त्याचा अर्थ कोणालाच ठाऊक नव्हता, आणि थाई भाषेत एक शब्दही लिहिलेला नव्हता. तीन जण दगावले.

आपल्याकडे एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भागातील भंगार बाजारात जवळपास असेच घडले. एका विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील गॅमा किरणांचे उपकरण लिलावात भंगारात गेले होते. ते १९८५ पासून वापरात नव्हते. येथे विद्यार्थ्यांकडून एक गणित करून घेण्यासारखे आहे. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य सुमारे ५.२७ वर्षे. २५ वर्षांत पावणेपाचच्या आसपास अर्धायुष्ये उलटतात, म्हणजे मूळ किरणोत्साराचा सुमारे सत्ताविसावा भाग शिल्लक राहतो. तेवढ्याने एक कामगार मृत्युमुखी पडला आणि आणखी काही जण रुग्णालयात गेले. त्यांच्या दृष्टीने ते निव्वळ शिसे आणि पोलाद होते.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि मानक संघटना यांनी अशा अपघातांनंतर २००७ साली एक पूरक चिन्ह जाहीर केले. लाल त्रिकोणात वर तीन पाती आणि त्यांतून निघणाऱ्या लहरी, खाली कवटी व हाडे, आणि शेजारी पळणारा माणूस. ते ठरवण्यापूर्वी भारतासह ११ देशांतील १,६५० माणसांना नमुने दाखवून त्यांचा अर्थ विचारला गेला. कलाकृती म्हणून पाहिले तर चित्र दाटीवाटीचे आहे. एका त्रिकोणात तीन गोष्टी कोंबल्या आहेत. चित्रकलेचे शिक्षक त्याला फारसे गुण देणार नाहीत. तरीही मी पाहिलेल्या सुरक्षाचिन्हांत मला ते सर्वांत प्रामाणिक वाटते. ते दारावर किंवा भिंतीवर लावायचे नाही. यंत्राच्या आत, किरणोत्सारी स्रोताच्या अगदी जवळ लावायचे. रोजच्या वापरात ते कोणाला दिसतच नाही. यंत्र उघडायला बसलेल्याला मात्र, आणखी एक भाग सोडवण्याच्या आधी, ते दिसते. हे चिन्ह कोण पाहणार आणि कोणत्या क्षणी पाहणार, हा प्रश्न ते काढणाऱ्यांनी स्वतःला विचारला होता. अर्थात २००७ च्या आधीच्या जुन्या यंत्रांच्या पोटात ते असण्याचे कारण नाही. आणि मायापुरीत खरी चूक भंगारवाल्याच्या वाचनाची नव्हतीच. ज्यांना तीन पात्यांचा अर्थ पक्का माहीत होता अशा शिकलेल्या माणसांच्या आवारातून ते उपकरण बाहेर पडले होते.

याच्या अगदी उलट टोकाला जैविक धोक्याचे चिन्ह आहे. एकमेकांत अडकलेली, टोकदार शिंगांसारखी वर्तुळे. १९६६ साली एका अमेरिकी रसायन कंपनीत ते तयार झाले तेव्हा जाणूनबुजून असे चिन्ह निवडण्यात आले की जे लक्षात राहील, पण पाहणाऱ्याला त्यातून कोणताच अर्थ सुचणार नाही. कोरी पाटी घ्यायची आणि मग तिच्यावर अर्थ शिकवायचा. ही पद्धत चुकीची नाही; मात्र शिकवण्याची जबाबदारी तिच्यात गृहीत धरलेली आहे. रुग्णालयाचा कचरा उचलणाऱ्या बायकांना तो अर्थ शिकवला नाही, तर पिवळ्या पिशवीवरील ते चिन्ह म्हणजे नक्षी.

आता आपल्या अधिक ओळखीच्या कामाच्या जागेकडे, म्हणजे शेताकडे येऊ. कीटकनाशकाच्या डब्यावर एका टोकावर उभा केलेला चौकोन असतो. त्याचे वरचा आणि खालचा असे दोन त्रिकोण पडतात. खालच्यात रंग असतो, वरच्यात इशारा. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी ही पद्धत ठरवून दिली आहे. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे अतिविषारी, निळा मध्यम आणि हिरवा सौम्य विषारी. प्रयोगातील निम्मे प्राणी मरण्यास त्यांच्या वजनाच्या दर किलोमागे किती मिलिग्रॅम विष लागते, यावर रंग ठरतो. विष तोंडावाटे दिले असता ५० पर्यंत लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५,००० निळा आणि त्यापुढे हिरवा. त्वचेवाटे जाणाऱ्या विषासाठी वेगळे आकडे आहेत.

वर्गीकरण म्हणून हे नेटके आहे. चित्र म्हणून पाहू लागलो की अडचणी दिसतात. कवटी फक्त लाल गटाला आहे. पिवळ्या गटावर 'विष' हा शब्द आहे, पण कवटी नाही. म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी पिवळ्या डब्यावर केवळ एक प्रसन्न रंग उरतो. पिवळ्या गटाच्या वरच्या टोकाचे विष घेतले तर ६० किलो वजनाला सुमारे ३ ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याहूनही कमी, असा हिशेब निघतो. (प्राण्यांवरील आकडा माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही हे खरे; पण अंदाज येण्यास तो पुरेसा आहे.) मग पिवळ्याला कवटी का नाही?

दुसरे असे की, रंगांचा क्रम निसर्गात कोठे लिहिलेला नाही. लाल, पिवळा, हिरवा हे आपण चौकातील दिव्यावरून शिकलो. पण त्यांत निळा कोठे बसतो? मी हा प्रश्न नववीच्या मुलांना दोन-तीन शाळांत विचारला आहे. चार रंगांचे कागद द्यायचे आणि धोक्याच्या क्रमाने लावायला सांगायचे. प्रत्येक वर्गात निळ्यावरून भांडण होते. पाण्याचा रंग म्हणून काही मुले त्याला सर्वांत सुरक्षित ठरवतात. आणि हिरवा? हिरवा दिवा म्हणजे जा, खाद्यपदार्थाच्या पाकिटावर हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. त्याच रंगाने एका विषाच्या डब्यावर 'सावधान' म्हणायचे, ही रंगाकडून फारच मोठी अपेक्षा आहे.

आणि लाल? येथे आपली भाषाच आडवी येते. शेतात कीटकनाशकाला कोणी विष म्हणत नाही, औषध म्हणतात. औषध मारायचे, औषध फवारायचे. औषध जेवढे जालीम तेवढे चांगले, हे आपण आजीच्या काढ्यापासून ऐकत आलो आहोत. दुकानदाराने लाल त्रिकोणाचा डबा पुढे ठेवला की 'हे जोरदार आहे' असा त्याचा अर्थ लागणे अगदी सोपे आहे. ज्या चिन्हाने मागे खेचायचे तेच पुढे ढकलते. ज्याला मघाशी घातक अर्थ म्हटले तो हाच.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या डब्यांवर चौकोन नव्हते असे नाही. हातमोजे, बूट, तोंडावर फडके अशी लहान लहान चित्रेही लेबलांवर असतात. पण डबा मालकाच्या घरी किंवा बांधावर राहतो आणि पंप मजुराच्या पाठीवर असतो. फवारणाऱ्या माणसाला दिवसभर जी वस्तू दिसते ती पंप. पंपावर त्रिकोण नसतो. त्या वर्षी कपाशी डोक्याला लागेल इतकी वाढली होती आणि फवारा वरच्या दिशेला मारावा लागत होता, असे त्यावेळच्या बातम्यांत आले होते. दोन-तीन औषधे एकत्र कालवूनही मारली जात होती. दोन रंगांच्या मिश्रणाचा रंग कोणता, हे कोणत्याच लेबलावर लिहिलेले नसते. आणि ते हातमोजे, बूट? सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उकाड्यात रबरी बूट आणि प्लॅस्टिकचा अंगरखा घालून दिवसभर फवारणी करून पाहावी, मग चित्राबद्दल बोलावे. मजुराला ते चित्र नीट कळत असेलही. ते कळणे आणि ते करता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

सुरक्षाशास्त्रात उपायांची एक उतरंड सांगतात. धोका मुळातच काढून टाकणे सर्वांत वर. मग कमी धोक्याचा पर्याय. मग यंत्रातच अडसर किंवा झाकण बसवणे. मग सूचना, फलक आणि नियम. आणि सर्वांत शेवटी हातमोजे, चष्मे. फलक खालून दुसऱ्या पायरीवर आहे. तो सर्वांत स्वस्त आहे, आणि लगेच भिंतीवर दिसतो, म्हणून बहुतेक ठिकाणी तो पहिली पायरी होऊन बसतो. एकदा फलक लावला की अपघातानंतर "सूचना तर लिहिली होती" असे म्हणण्याची सोय होते. मला या चित्रांविषयी जी तक्रार आहे ती येथे आहे. चित्र वाईट असणे क्षम्य आहे. ते दुसऱ्या कशाच्या तरी बदल्यात असणे क्षम्य नाही.

४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याने त्या निमित्ताने कामगारांच्या मुलांची चित्रस्पर्धा ठेवली होती आणि परीक्षकांत मी होते. बहुतेक चित्रे एकसारखी: पिवळे हेल्मेट, दारात वाट पाहणारी आई आणि बाळ, वर घोषवाक्य. रंगकाम सुरेख. एका मुलाने मात्र पॉवर प्रेस काढला होता. प्रेसच्या पुढची जाळी, ज्याला कामगार गार्ड म्हणतात, जागेवर नव्हती. ती भिंतीला टेकवून ठेवलेली दाखवली होती. मी विचारले, तर तो म्हणाला, "गार्ड लावला की माल कमी निघतो, असे बाबा सांगतात." रेषा वाकड्यातिकड्या होत्या, रंग बाहेर गेलेले. आम्ही पहिले बक्षीस वाट पाहणाऱ्या आईला दिले. त्या संपूर्ण दालनात माहिती देणारे चित्र एकच होते आणि त्याला उत्तेजनार्थही काही मिळाले नाही. त्या निकालपत्रावर माझी सही आहे.

वर्गात करून पाहण्यासारखा एक प्रयोग सुचवते. खर्च काहीच नाही. प्रयोगशाळेतील बाटल्या, घरातील फिनेल आणि ॲसिडच्या बाटल्या, विजेच्या खांबावरील पाटी, गॅसची टाकी, कीटकनाशकाचा रिकामा डबा (हाताळू नये, लांबूनच पाहावा) यांवरील चिन्हे मुलांनी कागदावर उतरवून घ्यावीत, शब्द वगळून. मग घरी आणि शेजारी, शक्यतो जे लोक त्या वस्तू प्रत्यक्ष वापरतात त्यांना दाखवून दोनच प्रश्न विचारावेत: याचा अर्थ काय वाटतो? हे दिसले तर तुम्ही काय कराल? पर्याय देऊ नयेत. पर्याय दिले की माणूस अंदाजाने निवडतो. उत्तर जसेच्या तसे लिहावे, सुधारू नये. वर्गात आल्यावर तीन ढीग करावेत: बरोबर, कळले नाही, आणि उलटे कळले. तिसऱ्या ढिगातील उत्तरे मोठ्याने वाचावीत, मात्र हसू नये. प्रत्येक उत्तरामागे त्या माणसाने आधी पाहिलेले कोणते तरी दुसरे चित्र असते. ते कोणते, हे शोधायला मुलांना फार आवडते.

शाळेच्या स्वयंपाकघरातही एक फेरी मारावी. तेथे कोणत्या डब्यात काय आहे आणि त्या डब्यात आधी काय होते, हे पाहावे. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतील माध्यान्ह भोजनातून २३ मुले दगावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले. स्वयंपाकाचे तेल पूर्वी कीटकनाशक असलेल्या डब्यात ठेवले गेले असावे, असे तपासात पुढे आले. डबा दुसऱ्या कामाला लागला की कवटी तेथे संपते.

आमच्या मामांचे सांगायचे राहिले. त्या दिवशी मी त्यांना दोन्ही चित्रांचे अर्थ सांगितले आणि विचारले, "मग तुम्ही काढले असते तर काय काढले असते?" ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी घरून त्यांची एक जुनी सुती पँट घेऊन आले. सौम्य सल्फ्युरिक आम्लाचे थेंब कधीतरी मांडीवर उडाले होते. तेव्हा काहीच दिसले नव्हते, धुतल्यावर तेथे भोकांची चाळण झाली होती. तो तुकडा कापून आम्ही आम्लाच्या कपाटाच्या दारावर खिळ्याने अडकवला आहे. नवे विद्यार्थी आले की विचारतात, हे काय लटकवले आहे? मग मामाच त्यांना सांगतात.